पाणी चढून राहिलं

रात्री सव्वादोनला चार नंबरचा पंप टाकला.
आधी म्हाताऱ्यागत खाकरला,
मग गळ्यातलं सुटलं त्याच्या
आणि दाबाचा काटा हलला. दोन. तीन. साडेचार.
काट्याच्याही आधी तळपायांना कळतं, फरशीतून:
पाणी चढून राहिलं.

उताराला लागणं हा पाण्याचा धर्म, असं शाळेत शिकलो.
इथे ते पाइपात शिरून पाठ फिरवतं,
बस सुटल्यावर पिशवी आठवलेल्या बाईसारखं
लगबगीनं मागे,
कन्हानच्या काठावरून टेकडीच्या खोबणीतल्या तलावाकडे.
ऑगस्टची नदी, दुधाळ चहाच्या रंगाची.
उद्या वैनगंगेत मिसळून जे आपलं राहिलं नसतं
त्यातलं थोडं आम्ही मेसाठी उचलतो,
लोणच्याची बरणी ठेवावी तसं,
पोरांचा हात पोचू नये इतक्या वर.

अकरा वर्षं टँकर चालवला मी, वाठोड्याच्या वस्त्यांत.
हॉर्न द्यायच्या आधी टाकीत पाइप पडायचे,
एकदा कळशीच्या काठानं भुवई फुटली माझी.
पुस्तकला बोरकर रात्रीच नंबर लावायची
रांगेत नवऱ्याची चप्पल ठेवून.
एकच चप्पल.
एक कोणी चोरत नाही, म्हणायची,
आणि दुसरी घालून तो जाणार कुठे?
सेहेचाळीस अंशात तिचा कूलर कोरडा घरघरायचा.
खस होती, वासापुरती.

मग हे पंपघर उभं राहिलं. ठेका संपला,
मालकानं टँकर भंगारात काढला.
वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.
आयटीआयचा पिवळा कागद पेटीतून काढला
आणि इथे रात्रपाळीला लागलो.

यंदाच्या मे महिन्यात वरचा तलाव पहिल्यांदा उघडला.
पहाटे चारला वाठोड्यात नळानं आधी हवा ओकली,
मग गंज, मग पाणी.
पुस्तकलाबाईचा फोन आला:
‘आलं रे बावा. पण इतक्या पहाटे काऊन सोडता?
झोपू द्या ना माणसाले.’
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
ती झोपेसाठी भांडली.

गेटवर फलक आहे. किती गावं, किती वॉर्ड,
किती दलघमी, किती हेक्टर संत्रा.
फलकावर सुकरू भोंडेकर नाही.
ढिवर माणूस. नदी आटली की वाळूत
डांगरवाडी लावतो, बापानं लावली तिथेच.
पहिल्याच हिवाळ्यात आला, दारात उभा राहिला,
आत ये म्हटलं तरी आला नाही.
‘पुरातलं न्या. पुराले कोण विचारते?
पण जानेवारीत ओढाल
तर वेलाखालची ओल जाईन.’

पुलाच्या खांबावर लाल रेघ आहे.
तिच्या खाली नदी गेली की पंप बंद, असा नियम.
जानेवारीच्या एका रात्री ऑफिसातून फोन आला,
वर पाणी कमी आहे, दोन तास चालवून टाक.
बॅटरी घेऊन खाली गेलो. थंडीत वाळू कुरकुरत होती.
रेघेच्या चार बोटं खाली.
वर येऊन वहीत लिहिलं:
पातळी रेघेखाली. पंप बंद.
आणि सही केली, नेहमीपेक्षा मोठी.

नोटीस आली. उत्तर दिलं. दुसरी आली.
मे संपताना पायरीवर तीन डांगरं होती
आणि सुकरू नव्हता.
वहीत त्यासाठी रकाना नाही.
दोन आम्ही पाळीतल्या लोकांनी खाल्ली,
एक वाठोड्याला पोचवलं.

बिया ठेवजो, असा निरोप मागाहून आला.
कागदात बांधून खणात ठेवल्यात,
फ्यूजच्या शेजारी.
पावणेतीन. काटा साडेचारवर.
अधूनमधून खण उघडून बघतो,
फरशीची थरथर तिथेही पोचते,
पुडीतल्या बिया
बारीक वाजत असतात.